डिशचं तोंड घराकडे

रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास जर्मनीहून आमच्या लेकीचा फोन येतो. तिच्याकडे तेव्हा उन्हाळ्यात सहा वाजलेले असतात, हिवाळ्यात पाच. मागे एकदा बोलता बोलता तिच्या स्वयंपाकघरातून बायकांचे आवाज ऐकू आले. चांगले खणखणीत मराठी आवाज, आणि त्यातला एक तर हमखास सासूचा. मी विचारलं, "कोण आलंय गं?"

ती हसली. "कुणी नाही, बाबा. मालिका लावलीये."

"बघतेस तू?"

"बघते कुठली! नुसती चालू ठेवते. घरात कुणीतरी मराठी बोलत असलं की पोळ्या बऱ्या होतात."

मीही हसलो. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहिलो. कारण परक्या गावातल्या घरात आपल्याकडचे आवाज यावेत, म्हणून कधीकाळी मी स्वतः भर उन्हात एका गच्चीवर उभा होतो. हातात खर्चाची वही घेऊन.

१९९५ च्या जूनमध्ये बँकेने माझी बदली दुबईच्या शाखेत केली. मी तेव्हा पस्तिशीचा, मुलगी चार वर्षांची. वडील आधीच गेलेले. आई साताऱ्याला थोरल्या भावाकडे, म्हणजे दादा-वहिनींकडे होती. दुबईत करामा नावाच्या भागात आम्हाला पाच मजली इमारतीत जागा मिळाली. खाली उडुप्याचं हॉटेल, शेजारी केरळी किराणा दुकान, समोर शिंपी. पहिल्या दिवशी पत्नी म्हणाली, "हे काही परदेश वाटत नाही." आठवडाभराने तीच म्हणाली, "पण मराठी कानावर पडत नाही हो."

त्या काळात घराशी जोडणारे धागे मोजकेच होते. पत्राला आठ-दहा दिवस लागायचे. फोनवर बोलताना एक डोळा घड्याळाच्या काट्यावर असायचा, कारण मिनिटामिनिटाला पैसे. मराठी वर्तमानपत्र कुणी गावाहून आलं तरच, आणि तेही बहुधा लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळलेलं. तो तेलकट कागद आम्ही टेबलावर सपाट करून, जाहिरातींसकट वाचून काढत असू.

अशात आमच्या इमारतीतल्या चार भाडेकरूंनी वर्गणी काढून गच्चीवर डिश बसवायचं ठरवलं. एक केरळी, एक गुजराती, एक हैदराबादी आणि एक मी. मी बँकेतला, त्यामुळे हिशोब माझ्याकडे आला हे सांगायला नकोच. आजकाल घरोघर दिसते तेवढी ती छोटी थाळी नव्हे. पुरुषभर उंचीहून मोठी, जाळीची, गच्चीचा एक कोपरा अडवून बसणारी चीज होती ती. ती बसवायला आलेला कारागीर एक छोटा टीव्ही गच्चीवर घेऊन आला होता. तो डिश केसभर हलवायचा आणि पडद्याकडे बघायचा. पडद्यावर नुसत्या मुंग्या. पुन्हा केसभर. इमारतीचा रखवालदार, ज्याला तिकडे नातूर म्हणतात, तो पेशावरकडचा पठाण होता. तोही कमरेवर हात ठेवून उभा. अर्ध्या-पाऊण तासाने त्या मुंग्यांतून एक बाई बाहेर आली आणि हिंदीत रडू लागली. आम्ही पाचही पुरुष टाळ्या वाजवल्यासारखे हसलो.

कारागिराने मला विचारलं, "साब, आपका गाव किधर?" मी म्हटलं, सातारा, बंबईच्या पुढे. त्याने हात लांब करून डिशच्या दिशेने बोट दाखवलं. "देखो, डिश उधरही देखता है."

मला वाटलं, गिऱ्हाइकाला खूश करायला बोलतोय. पण घरी मुलीसाठी आणलेला पृथ्वीगोल होता, त्यावर दोरा ताणून पाहिला. तो उपग्रह विषुववृत्तावर १०५.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे सुमात्राच्या पूर्वेच्या समुद्रावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर होता. दुबईहून तो पूर्वेला, जरासा आग्नेयेकडे झुकलेला. आणि दुबईहून मुंबईची दिशाही जवळजवळ तीच! दोन-तीन अंशांचा काय तो फरक. आमची डिश खरोखरच घराकडे तोंड करून उभी होती. फक्त मान थोडी वर करून.

या उपग्रहाची कथाही सांगण्यासारखी आहे. एशियासॅट-१ हे त्याचं नाव. पण त्याचा जन्म झाला तो वेस्टार-६ या नावाने, अमेरिकेत. १९८४ च्या फेब्रुवारीत 'चॅलेंजर' अवकाशयानातून तो सोडला, पण त्याचं इंजिन नीट पेटलं नाही आणि तो भलत्याच कक्षेत भरकटत राहिला. विमा कंपन्यांना भुर्दंड बसला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये 'डिस्कव्हरी' यानातल्या अंतराळवीरांनी अवकाशात तरंगत जाऊन त्याला पकडलं आणि पृथ्वीवर परत आणलं. त्या मोहिमेतलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात अंतराळवीराच्या हातात 'विकणे आहे' अशी पाटी आहे! पुढे तो दुरुस्त होऊन खरोखरच विकला गेला आणि १९९० च्या एप्रिलमध्ये चिनी अग्निबाणाने नव्या नावाने पुन्हा आकाशात गेला. त्याच्यावरूनच १९९१ मध्ये स्टार टीव्ही आणि १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये झी टीव्ही सुरू झाला. भरकटलेला, परत आणलेला, डागडुजी करून दुसऱ्या देशाच्या कामाला लावलेला. करामातल्या आमच्या सगळ्यांच्या कहाण्या त्याच्याहून फार वेगळ्या नव्हत्या.

आणि कार्यक्रमांचा प्रवास? त्या वर्षांत खासगी वाहिन्यांना भारतातून उपग्रहाकडे थेट प्रक्षेपण करायची परवानगी नव्हती. मुंबईत चित्रित झालेल्या मालिकेची टेप विमानाने हाँगकाँगला जायची, तिथून ती ३६ हजार किलोमीटर वर आणि तितकीच खाली, तेव्हा कुठे दुबईच्या गच्चीवर पोचायची. मुंबई-दुबई अंतर जेमतेम १,९०० किलोमीटर! पण मला त्याचं नवल वाटलं नाही. आमच्या शाखेतही तेच चालायचं. गवंड्याने दुबईत काढलेला ड्राफ्ट साताऱ्यात वटायचा आणि त्यापोटी डॉलरचा जमाखर्च न्यूयॉर्कला व्हायचा. घराकडचा सरळ रस्ता तेव्हा पैशालाही नव्हता आणि चित्रालाही नव्हता.

डिश आली आणि घराचं वेळापत्रक बदललं. दुबई भारताच्या दीड तास मागे. तिकडे रात्री नऊला लागणारी मालिका आमच्याकडे साडेसातला. मी शाखेतून घरी पोचायच्या आत अर्धी होऊन गेलेली. सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे रविवारची म्हणून खास आखलेली करमणूक आम्ही डबा भरता भरता चुकवायचो. तरी 'अंताक्षरी' आणि 'सारेगम' यांना घर भरून जाई. नातूर दाराशी चपला काढून बसायचा. शमाल म्हणून तिकडे वायव्येचा धुळीचा वारा सुटतो. त्याने डिश किंचित सरकली की पुन्हा मुंग्या. मग मी आणि नातूर गच्चीवर, पत्नी खिडकीत. "आलं का?" "नाही!" "आता?" "आलं, आलं, हात काढू नका!" हात काढू नका म्हणजे काय, रात्रभर धरून उभा राहू?

शेजारच्या केरळी गृहस्थांचा मला हेवा वाटे. त्यांची एशियानेट ही मल्याळम वाहिनी १९९३ पासून सुरू होती. त्यांच्या दारातून त्यांच्या भाषेतलं भांडण, त्यांच्या भाषेतलं हसू ऐकू यायचं. आमच्या घरात येत होती ती हिंदी. आपली म्हणावी तर आपली, पण माजघरातली नव्हे, ओसरीवरची. मोठमोठे बंगले, गोल जिने, भरजरी साड्या नेसून झोपणाऱ्या बायका. साताऱ्याच्या घराशी त्याचा काय संबंध? पण एवढा विचार तेव्हा कोण करतो. देशातलं काहीतरी दिसतंय, एवढ्यावर मन भरायचं.

त्याची किंमत वसूल झाली ती १९९६ च्या उन्हाळी रजेत. आम्ही साताऱ्याला गेलो. पाच वर्षांची आमची मुलगी रिक्षातून उतरली, आईजवळ गेली आणि वाकून म्हणाली, "नमस्ते, दादी माँ."

आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मी आजी आहे हो. दादी माँ त्या टीव्हीतली."

सगळे हसले. मीही हसलो. पण आईचा चेहरा मला आजही दिसतो. नातीला तिने चार वर्षांची होईपर्यंत मांडीवर घेऊन भात भरवला होता. एका वर्षात तिच्या जागी भरजरी साडीतली कुणीतरी येऊन बसली होती.

त्याच रजेत दुसरी गोष्ट कळली. त्या वर्षीच्या मे महिन्यात दिल्लीत १३ दिवसांचं सरकार आलं आणि गेलं. दुबईत बसून आम्ही ते नाट्य रोज रात्री बातम्यांत पाहिलं होतं. कोण कुणाला पाठिंबा देणार, आकडा कितीवर अडणार, यावर शेजाऱ्यांशी पैजा लावल्या होत्या. दूर राहूनही आपण देशात काय चाललंय ते सगळं जाणतो, असा मला त्या दिवसांत मोठा अभिमान वाटत होता. आता साताऱ्यात आल्यावर पाहिलं, तर आई चालताना भिंतीचा आधार घेत होती. वहिनींना विचारलं तर त्या दादाकडे बघू लागल्या. शेवटी दादा म्हणाला, "मे महिन्यात न्हाणीघरात पडली. खुब्याला मार बसला. तीन आठवडे पलंगावर होती."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तीच म्हणाली, त्याला कळवू नका. तो तिथनं काय करणार? उगीच जिवाला घोर."

मी तारखा जुळवल्या. ज्या आठवड्यात मी लोकसभेतले आकडे पाठ करत होतो, त्याच आठवड्यात आई पलंगावर पडून होती. त्या दिवसांत दोनदा फोन झाला होता. दोन्ही वेळा ती म्हणाली होती, "मी बरी आहे. तू जेवतोस ना वेळेवर?" आवाजात कुठेही काही नव्हतं. ३६ हजार किलोमीटर उंचीवरून मला दिल्ली स्वच्छ दिसत होती. साताऱ्याचं न्हाणीघर काही दिसलं नाही.

यात उपग्रहाचा काय दोष? तिकडून जे पाठवलं जाईल तेच त्याने इकडे टाकायचं. आईने पाठवलं नाही, म्हणून माझ्यापर्यंत आलं नाही.

नोव्हेंबर आला. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीजवळ दोन विमानांची आकाशात टक्कर झाली. एक दिल्लीहून सौदी अरेबियाला निघालेलं, दुसरं कझाकस्तानहून दिल्लीला येणारं. दोन्हींतली मिळून ३४९ माणसं गेली. सौदी विमानात आखाताकडे कामाला निघालेले कितीतरी मजूर होते. रात्रीच्या बातम्या आम्ही पाहिल्या. अंधारं शेत, दिवट्या, पोलीस. दुसऱ्या दिवशी शाखा उघडायच्या आधीच दारात एक सुतार उभा होता. दर महिन्याला तो माझ्याकडून गावी ड्राफ्ट पाठवत असे. त्याच्या धाकट्या भावाला दम्मामला काम मिळालं होतं आणि तो याच दिवसांत निघणार होता. नेमक्या कुठल्या दिवशी, ते पत्रात लिहिलेलं नव्हतं.

"साहब, आपके घर टीवी है. नाम बताए क्या?"

नावं सांगितली नव्हती. शेत दाखवलं होतं. मी त्याला आत बसवलं, त्याच्या गावातल्या एका दुकानाचा नंबर होता तो लावत राहिलो. तासाभराने लागला. दुकानदाराने पोरगं धाडून निरोप आणला. भाऊ घरीच होता. त्याचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. तो सुतार माझ्या टेबलावर डोकं टेकून रडला. मी त्याला पाणी दिलं आणि तेव्हा मनाशी कबूल केलं, की गच्चीवरच्या त्या एवढ्या मोठ्या डिशने आम्हाला देश आणून दिला होता. पण माणूस हवा असला तर दुकानाचाच नंबर फिरवावा लागत होता.

त्यानंतर मी एक केलं. दर शुक्रवारी, खर्चाचा विचार न करता, साताऱ्याला फोन. सुरुवातीला बोलायला काही सुचेना. "काय केलं?" "आमटी." "पाऊस?" "आहे." मग पत्नीने युक्ती काढली. सातारच्या घरात तोवर केबल आली होती. हिने आईला 'अमानत' बघायला लावलं. सात मुलींच्या बापाची ती मालिका १९९७ मध्ये सुरू झाली होती. आई आधी नाक मुरडायची, पण सात मुली म्हटल्यावर तिचं मन द्रवलं. ती स्वतः पाच बहिणींतली. मग फोनवर त्या बापाची चिंता सुरू झाली. आणि त्या चिंतेच्या आडून हळूच आपली. "त्याच्या थोरलीसारखीच आपली अक्का होती बघ... आणि हो, माझा गुडघा पुन्हा धरलाय." एरवी जे ती कधी बोलली नसती, ते मालिकेच्या पदराआड बोलून जायची. ज्या चौकोनी डब्याला मी नावं ठेवत होतो, त्यानेच असा उपकारही केला, हे नमूद केलं पाहिजे.

आणि एकदा तर चित्र उलट्या दिशेने गेलं. १९९८ चा एप्रिल. शारजात भारत, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांची स्पर्धा. २२ तारखेला धुळीच्या वादळात सचिन तेंडुलकरने १४३ धावा केल्या आणि २४ तारखेला, स्वतःच्या पंचविसाव्या वाढदिवशी, अंतिम सामन्यात १३४. तो शुक्रवार होता, सुट्टीचा. शाखेतल्या चौघांनी मिळून तिकिटं काढली होती. त्या रात्री शारजाच्या मैदानावर जो गलका झाला तो लिहून सांगता येणार नाही. पण माझ्या मनात राहिला आहे तो दुसऱ्या दिवशीचा फोन. आईने स्वतः लावला होता. ती कधी स्वतः फोन लावत नसे.

"अरे, मी तुला पाहिलं! टीव्हीवर. गर्दीत उभा राहून टाळ्या वाजवत होतास. तो निळा सदरा घालून. बारीक झालास रे."

मी त्या दिवशी पांढरा सदरा घातला होता. आणि आम्ही बसलो होतो ते इतक्या वर, इतक्या कोपऱ्यात, की तिथे कॅमेरा फिरकण्याची शक्यता नव्हती. मी म्हटलं, "हो, आई. निळाच होता."

दादाने नंतर सांगितलं, की सामना सुरू झाल्यापासून ती टीव्हीपासून हलली नाही. क्रिकेटमधलं तिला ओ की ठो कळत नसे. प्रेक्षक दाखवले की चष्मा सावरून पुढे सरकायची. तीन वर्षं मी तिकडचं पाहत होतो आणि आपण घराच्या जवळ आहोत असं स्वतःला समजावत होतो. तिला मात्र त्या सगळ्या काळात मी एकदाही दिसलो नव्हतो, हे मला त्या निळ्या सदऱ्याने शिकवलं. उपग्रहाचा झोत एकाच बाजूने येत होता. परत काही पाठवायचं तर ते आपणच पाठवायला हवं होतं.

१९९९ च्या ऑगस्टअखेर आम्ही परत आलो. योगायोग असा, की त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, अल्फा मराठी सुरू झाली. तीच पुढे झी मराठी झाली. चार वर्षं जिची वाट पाहिली ती मराठी आकाशातून उतरली, तेव्हा आमचं सामान बांधून झालं होतं. साताऱ्यात आई 'आभाळमाया' बघायची आणि शेजारी बसलेली नात तिला विचारायची, "आजी, याचा अर्थ काय?" आईने तिला त्या मालिकेवरून मराठी दुरुस्त करून दिली. टीव्हीने नेलेली आजी टीव्हीसमोर बसूनच परत मिळाली. २००४ मध्ये आई गेली. तेव्हा मी जवळ होतो. एवढं समाधान माझ्या पदरी आहे.

लेक शिकली, लग्न झालं, जावयाच्या नोकरीमुळे दोघं जर्मनीत फ्रँकफर्टजवळ राहायला गेली. २०१७ च्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. संध्याकाळी फिरायला निघालो की वाटेत एक जुनी चार मजली इमारत लागायची. तिच्या जवळजवळ प्रत्येक सज्जात एक पांढरी डिश, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, आग्नेयेकडे. माझे पाय थबकले. जावई म्हणाले, "तुर्की कुटुंबं आहेत, बाबा. तुर्कस्तानच्या उपग्रहाकडे लावल्यात." मी वाचलं ते असं, की घराची शोभा बिघडते म्हणून घरमालक या डिशना विरोध करत आणि असं एक प्रकरण जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं. १९९४ मध्ये न्यायालयाने तुर्की भाडेकरूच्या बाजूने कौल दिला. आपल्या देशाच्या बातम्या आणि आपली भाषा घरात यावी हा माहिती मिळवण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि घरमालकाला नकार देताना त्याचा विचार करावाच लागेल. गच्चीवर वर्गणी काढून आम्ही जे केलं, त्याला एका देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने हक्क म्हटलं, हे वाचून बरं वाटलं.

लेकीच्या घरी मात्र डिश नाही. आता सगळं इंटरनेटवरून येतं. ना दिशा, ना मुंग्या, ना गच्ची. इथे हिने पाहिलेला भाग ती तिच्या सवडीने लावते. आणि मुख्य म्हणजे चित्र आता दोन्ही बाजूंनी जातं. व्हिडिओ कॉलवर आम्ही तिला दिसतो, ती आम्हाला. निळा की पांढरा, असा घोळ राहिलेला नाही.

असं मी समजत होतो.

गेल्या श्रावणात मी जिन्यावरून घसरलो. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर. हॉस्पिटलातून घरी येताना रिक्षात मी पत्नीला म्हटलं, "तिला सांगू नकोस. ती तिथनं काय करणार? उगीच जिवाला घोर." बोललो आणि गप्प झालो. हे शब्द माझे नव्हते. पण शब्द ओळखूनही मी शहाणा झालो नाही, हे कबूल केलं पाहिजे. पुढचे तीन रविवार हिने फोन असा धरला, की माझा फक्त चेहरा दिसावा. एकदा तर मी "नेट नीट नाही" म्हणून नुसताच आवाज दिला. त्या काळातली ती साधनं नाहीत म्हणून आम्ही धन्यता मानतो, आणि हाती आलेल्या खिडकीला असे आपणच पडदे लावतो.

चौथ्या रविवारी चहा पिताना फोन आला. ती बोलता बोलता थांबली.

"बाबा, तुम्ही डाव्या हाताने कप का धरलाय?"

हिने फोन खाली केला. प्लास्टर दिसलं. पलीकडे मराठी मालिकेतली सासू कुणाला तरी झापत होती. लेकीने ती बंद केली. पहिल्यांदाच तिच्या घरात पूर्ण शांतता ऐकू आली.

"तुम्हीच मला सांगत आलात ना, आजी न्हाणीघरात पडली होती आणि तुम्हाला कुणी कळवलं नाही म्हणून?" ती म्हणाली. "मग मी रोज कुणाचे आवाज ऐकत बसते इथे? त्या बायकांचे? त्यांचं काय दुखतंय खुपतंय ते मला सगळं माहीत आहे. तुमचंच तेवढं नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला पहिल्यापासून सांगितलं. कुठल्या पायरीवर घसरलो, कुणी उचललं, डॉक्टर काय म्हणाले, रात्री ठणकतं का. तिने सगळं विचारलं. रडली थोडी, रागावली जास्त. आणि शेवटी म्हणाली, "आता झोपा. पुढच्या रविवारी आधी हात दाखवायचा, मग चेहरा."

प्लास्टर निघून आता बरेच महिने झाले. पण दर रविवारी फोन लागला, की मी आधी उजवा हात पडद्यासमोर धरतो. बोटं उघडतो, मिटतो. ती तिकडे मान हलवते. मग आमच्या गप्पा सुरू होतात.